एकाचे दोन दिसतात : झोर्की-४ चा रेंजफाइंडर जुळवताना

माझं चष्म्याचं दुकान सोलापूरच्या नवी पेठेत. काउंटरवर बसून तीस वर्षं झाली. "मॅडम, एकाचे दोन दिसतात" असं सांगणारा माणूस महिन्याला एखादा तरी येतो. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : एक डोळा हाताने झाका, दुसरी प्रतिमा जाते का? गेली तर दोन डोळ्यांचं एकमेकांशी जमेना झालंय. एका डोळ्यानेही दोनच दिसत असतील तर दोष त्या डोळ्यातच आहे. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून आधी हे विचारायचं आणि मग काचा काढायच्या.

डिसेंबरात कन्ना चौकाकडचा एक पोरगा आला. घरचे यंत्रमाग आहेत त्यांचे. पिशवीतून जुना कॅमेरा काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "काकू, ह्याला बघा की जरा. सगळं दोन-दोन दिसालंय."

"नंबर तुझा काढायचा की ह्याचा?"

"ह्याचाच. गड्ड्याच्या आधी पायजे." गड्डा म्हणजे आमची संक्रांतीची सिद्धेश्वराची जत्रा.

माझ्या वडिलांकडे असाच एक होता म्हणून तो माझ्याकडे आला. झोर्की-४. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात १९५६ ते १९७३ या काळात बनलेला. कॅमेऱ्यावरच्या नंबराचे पहिले दोन आकडे म्हणजे बनल्याचं साल, याचे ६४. लेन्स ज्युपिटर-८, ५० मिलिमीटर, एफ/२ (एफचा आकडा म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं ते; आकडा लहान तेवढं भोक मोठं). रशियनमध्ये झोर्की म्हणजे तीक्ष्ण नजरेचा, आणि आता त्याचीच नजर तिरळी झालेली.

खाली लिहिलंय ते झोर्की-४ पुरतं. बाकी रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत स्क्रू वेगळ्या जागी असतात, काहींचं वरचं झाकणच काढावं लागतं. पण तपासायचा क्रम कुठेही हाच ठेवा.

आधी रेंजफाइंडर, म्हणजे वस्तूच्या अंतराला फोकस जुळवून देणारं कॅमेऱ्यातलं यंत्र, बघतं कसं ते समजून घ्या. पुढे दोन खिडक्या आहेत, एक मोठी चौकोनी आणि एक छोटी गोल. दोन्हींत अंतर ३८ मिलिमीटर. चौकोनी खिडकीतून दिसणाऱ्या दृश्याच्या मधोमध एक रंगीत ठिपका असतो, त्यात गोल खिडकीतून आलेली दुसरी प्रतिमा पडते. लेन्स फिरवली की तिच्या मागची कडा आतल्या एका जिभेला ढकलते, जीभ आतली काच किंचित वळवते आणि ठिपक्यातली प्रतिमा बाजूला सरकते. दोन्ही प्रतिमा एकावर एक बसल्या की लेन्स त्या वस्तूवर फोकस झाली असं धरायचं. 'धरायचं' म्हणते, कारण ठिपका फिल्म बघत नाही. तो फक्त लेन्सची मागची कडा कुठवर आली ते सांगतो.

आमच्या धंद्यात प्रिझम, म्हणजे प्रतिमा बाजूला सरकवणारी पाचरीसारखी काच, मोजायचं एक माप आहे : १ मीटरवर प्रतिमा १ सेंटिमीटर सरकली तर १ प्रिझम डायॉप्टर. त्या हिशेबाने १ मीटरवरच्या वस्तूसाठी झोर्कीच्या दोन खिडक्यांतला फरक ३.८. दहा मीटरवर ०.३८. एक किलोमीटरवर ०.००३८, म्हणजे डोळ्याला कळणारच नाही इतका. आतला स्क्रू केसभर हलला तरी अनंताचा, म्हणजे खूप लांबच्या वस्तूंचा, फोकस का जातो, आणि अनंत जुळवायला समोरच्या गल्लीतला खांब का चालत नाही, ते या आकड्यांत आलं.

आता तपासणी. गोल खिडकीवर बोट ठेवा. ठिपक्यातली दुसरी प्रतिमा गेली तर उत्तम, निदान ती तिथूनच येते हे कळलं. मग रिवाइंडच्या गोल बटणाखालची छोटी दांडी फिरवून आयपीस, म्हणजे डोळा लावायची मागची काच, स्वतःच्या नंबराला जुळवा. चाळिशीनंतरच्यांनी हे विसरू नये. निम्म्या लोकांचा 'बिघडलेला' रेंजफाइंडर या दांडीवरच दुरुस्त होतो असं माझं मत आहे, आणि ते मी चष्मे विकून पोट भरणारी असूनही सांगते. सिलेंडरचा (तिरप्या अक्षाचा) नंबर मात्र या दांडीने जात नाही, तो असलेल्यांनी चष्मा लावूनच बघावं. ठिपका फिका पडला असेल तर चौकोनी खिडकीच्या मधोमध काळ्या टेपचा बारका तुकडा लावून बघा. मागचं उजेडी दृश्य झाकलं जातं आणि दुसरी प्रतिमा उठून दिसते.

यानंतरची पायरी लोक टाळतात आणि मग महिनाभर स्क्रू पिळत बसतात : लेन्स स्वतः बरोबर आहे का ते बघणं. झोर्कीची पाठ तळासकट निघते, त्यामुळे हे काम सोपं. फोटोफ्रेमच्या सपाट काचेचा ३४ मिलिमीटर रुंद आणि पाचेक सेंटिमीटर लांब तुकडा मी कापला, कडा घासल्या आणि एका बाजूला धुरकट मॅट टेप सुरकुती न पडता लावला. टेपची बाजू लेन्सकडे. फिल्मच्या चौकटीला वर-खाली दोन-दोन पट्ट्या असतात. बाहेरच्या पट्ट्या जरा उंच, त्यांवर पाठीची दाबपट्टी टेकते. फिल्म बसते आतल्या पट्ट्यांवर, आणि काचही तिथेच बसली पाहिजे. म्हणून ३४. काच रुंद झाली तर बाहेरच्या पट्टीवर चढते आणि तेवढ्या फरकानेही एफ/२ वर चित्र धूसर होतं. मग तुम्ही चांगल्या लेन्सला नावं ठेवता.

कॅमेरा स्टँडवर घ्या. आधी शटर चढवा, मग वेग 'बी' वर न्या ('बी' म्हणजे दाबून धराल तोवर शटर उघडं). हा क्रम उलटा करू नका. झोर्कीत शटर न चढवता वेगाची चकती फिरवली की आतलं यंत्र बिघडू शकतं, आणि ते माझ्या हातचं काम नाही. केबलने शटर उघडं धरून ठेवा, लेन्स अनंतावर, एफ/२ वर. आता काचेवर दहापट भिंगाने बघा. लांबचं चित्र उलटं आणि टोकदार दिसलं पाहिजे. मग फिल्मच्या जागेपासून टेपने बरोबर १ मीटर मोजून तिथे अक्षरांचं कार्ड ठेवा, लेन्सही १ मीटरच्या खुणेवर आणा आणि पुन्हा बघा. दोन्ही ठिकाणी चित्र टोकदार असेल तर लेन्सवर विश्वास ठेवा. नसेल तर रेंजफाइंडरला हात लावूच नका. लेन्सच्या आत पातळ चकत्या घालून अंतर जुळवावं लागतं, ते काम वेगळं.

पोराच्या लेन्सने परीक्षा पास केली. "म्हणजे डोळा ठीक आहे, तिरळेपणा आहे," मी म्हटलं. त्याने मान हलवली. समजलं असेल असं वाटत नाही.

अनंत शोधायला मी घराच्या गच्चीवर जाते. पूर्वी माझं लक्ष्य ठरलेलं होतं : होटगी रस्त्याकडची, सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी. उभी सरळ कड, काही किलोमीटर लांब, मागे मोकळं आभाळ. जून २०२३ मध्ये विमानतळासाठी ती पाडली. सोलापूरकरांनी त्यावर काय काय म्हणायचं ते म्हणून घेतलं. माझं दुःख एवढंच की माझं अनंत गेलं. आता लांबचा एक मोबाइल टॉवर धरते. टॉवर बरा पडतो, उभे नळही असतात आणि आडव्या पट्ट्याही. दोन्ही लागतात : आडवी रेघ वरखालीचा दोष दाखवते, उभी रेघ डावीउजवीचा. लक्ष्य किलोमीटरभर तरी लांब हवं. आणि सकाळी आठच्या आत जा. ऊन चढलं की पत्र्यांवरून वाफ उठते, टॉवर पाण्यात पडल्यासारखा हलतो आणि तुम्ही हलत्या कडेला कड लावत बसता. रात्री चंद्राची कड चालते. सूर्याकडे लेन्स चुकूनही धरू नका. झोर्कीचं शटर कापडी आहे, लेन्स तिथे भिंगासारखी काम करते आणि कापडाला भोक पडतं.

स्क्रू काढायची वेळ आली की खाली दुकानात या. पंखा बंद. काउंटरवर पांढरा टॉवेल, त्यावर एका डबीचं झाकण. चष्म्याच्या दांडीचा स्क्रू एकदा फरशीवर पडला की पायपुसण्याखाली, काउंटरच्या फटीत, कुठेही जातो. झोर्कीचे स्क्रू त्याच जातीचे, आणि त्यांचा बदली माल माझ्या खणात नाही. स्क्रूड्रायव्हर चष्म्याचाच, पण खाचेत घट्ट बसणारा निवडा. सैल पातं घसरलं की क्रोमवर ओरखडा उठतो आणि तो आयुष्यभर तुमच्याकडे बघतो.

पहिलं काम वरखालीचं. ते आधीच का, ते पुढे कळेल. गोल खिडकीभोवती एक कडी असते, ती आट्यांवर बसलेली. पक्कड लावू नका. औषधाच्या बाटलीचं रबरी बूच तिच्यावर दाबून धरा आणि घड्याळाच्या उलट फिरवा, सुटते. हट्टाला पेटली तर तुम्ही पेटू नका; बूच बदला, जरा कोरडं करा, पुन्हा दाबा. आत काचेची पाचर बसवलेली दुसरी कडी दिसेल. ही पाचर म्हणजे प्रिझमच, एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ. तिला टूथपिकच्या टोकाने हळूच ढकलून फिरवायचं.

इथे माझा धंदा कामाला आला. प्रिझम जागेवर फिरवला की त्यातून दिसणारी प्रतिमा सरळ वर किंवा सरळ खाली जात नाही, ती गोल वळणाने जाते. म्हणजे वरखाली जुळवता जुळवता डावीउजवी बिघडणारच. घाबरायचं नाही. यासाठीच वरखाली आधी उरकायचं आणि अनंत नंतर. उलट केलंत तर एकच काम दोनदा कराल. फक्त आडव्या रेघेकडे लक्ष ठेवा. ठिपक्यातली रेघ बाहेरच्या रेघेशी सलग झाली की थांबा. पाचरेच्या काचेला बोट लागलं तर आत्ताच कोरड्या मऊ कापडाने पुसा, कडी बसल्यावर तिथे बोट पोचत नाही. कडी परत बसवताना पाचर तिच्याबरोबर फिरते का ते बघत राहा. माझ्या हातून ती दोनदा फिरली. तिसऱ्या वेळी पाचरेला टूथपिक टेकवून धरली आणि मग कडी आवळली.

आता अनंत. गोल खिडकीशेजारी, पुढच्या अंगाला, एक बारका स्क्रू आहे. तो काही धरत नाही, नुसतं झाकण आहे. काढून डबीच्या झाकणात टाका. भोकात बारीक पात्याचा स्क्रूड्रायव्हर घातला की आत खरा स्क्रू लागतो. दिसत नाही, हाताला कळतो. लेन्स अनंतावर टेकेपर्यंत फिरवा, आणि प्रत्येक वेळी जवळच्या बाजूकडूनच अनंताकडे आणा, कारण जुन्या यंत्रात थोडी ढिलाई असते आणि दोन दिशांनी आलात तर दोन उत्तरं मिळतात. टॉवरचा उभा नळ बघा. दोन नळ दिसत असतील तर आतला स्क्रू हलवा. किती? मिनिटकाटा एका मिनिटात जेवढा सरकतो तेवढा. बघा. पुन्हा तेवढाच. कुठल्या दिशेने ते पहिल्या हलवण्यातच कळतं. प्रतिमा ओलांडून पलीकडे गेली तर मागे या. एका वेळी पाव फेरा देणाऱ्यांचं इथे काम नाही.

पोराला मी हे त्याच्याच हाताने करायला लावलं. गच्चीच्या कठड्यावर उशी ठेवून त्यावर कॅमेरा, एका हातात स्क्रूड्रायव्हर. दर वेळी तो स्क्रूड्रायव्हर भोकात ठेवूनच बघायचा, पात्याचा भार पडून कॅमेरा हलायचा. "आधी काढ, मग बघ," हे मी दहादा सांगितलं असेल. शेवटी तो एकदम गप्प झाला, डोळा आयपीसवरच. "एकच झालं की, काकू." मी बघितलं. एकच होतं.

पण काम संपलेलं नाही. पुन्हा १ मीटर मोजा, कार्ड ठेवा, ठिपक्यात अक्षरं एक करा आणि मग लेन्सवरची खूण वाचा. १ वर आली तर देवाला नारळ फोडा. अनंत बरोबर पण जवळचं चुकत असेल, तर दोष त्या जिभेत. लेन्स काढा, वरच्या अंगाला स्प्रिंगवर दबणारी ती जीभ दिसेल. लायका या जर्मन कॅमेऱ्यात तिच्या टोकाला चाक असतं, झोर्कीत पाचरीसारखा तिरपा तुकडा. तो स्क्रूवर धरलेला असतो. स्क्रू ढिला करून तुकडा अगदी थोडा वळवला की लेन्सची कडा त्याला वेगळ्या जागी टेकते आणि जवळचं-लांबचं प्रमाण बदलतं. हे केलंत की अनंत पुन्हा हललेलं असणार. परत गच्ची. परत खाली. मला असे तीन फेरे झाले, गुडघ्यांनी मोजले. तिसऱ्या फेऱ्यात दोन्ही टोकं जागेवर आली.

सगळं जमलं की आतल्या स्क्रूला नेलपॉलिशचा सुईच्या टोकाएवढा थेंब. लाल लावला तर पुढच्या माणसाला कळतं की इथे कोणीतरी येऊन गेलंय.

एक गोष्ट करू नका, मी केली म्हणून सांगते. वडिलांच्या झोर्कीचा ठिपका अंधूक झाला होता. मी वरचं झाकण उघडलं. आत एक तिरपी काच असते, निम्मा उजेड पार सोडणारी आणि निम्मा परतवणारी. तिच्यावर धूळ दिसली. रोज शेकडो काचा पुसणारी मी, हाताला सवय : कापसाला चष्म्याचं लिक्विड लावलं आणि एक हात मारला. धूळ गेली, तिच्यासोबत काचेवरचा चंदेरी मुलामाही गेला. कापूस करडा झाला तेव्हा कळलं. ठिपका अंधूक होता तो आता उरलाच नाही. त्या काचेवर फुंकणीने हवा मारा, त्यापलीकडे काही नाही. वडील काही बोलले नाहीत. आठवडाभर मात्र चहा स्वतःच करून घेत होते. तो कॅमेरा अजून काउंटरच्या काचेखाली आहे, बिलांवर ठेवायला.

शेवटची खात्री फिल्मवर. ५० मिलिमीटरची लेन्स एफ/२ वर उघडी असताना १ मीटरवर सगळं मिळून चारसाडेचार सेंटिमीटर खोलीच टोकदार येते. डोळ्यावर फोकस केला तर कान गेला. ३ मीटरवर तीच खोली चाळीस सेंटिमीटरच्या वर जाते. म्हणून चाचणी जवळची आणि उघड्या लेन्सची घ्यावी. एफ/८ वर, भोक लहान करून घेतलीत तर टोकदार खोली वाढते आणि बिघडलेला रेंजफाइंडरही सुटून जाईल.

जवळचं वाचायला देतो ते एक जुनं कार्ड मी कापलं, मोठ्या मराठी अक्षरांच्या नऊ पट्ट्या केल्या आणि काउंटरवर तिरक्या ओळीत उभ्या केल्या, एकीमागे दुसरी तीन सेंटिमीटरवर. पाचवी बरोबर १ मीटरवर. पोराने पाचवीवर फोकस करून तीन फोटो घेतले, दर वेळी लेन्स फिरवून बिघडवायची आणि नव्याने जुळवायची. तीन यासाठी की एकदा नशिबानेही जुळतं. मग तसेच तीन ३ मीटरवर, तीन टॉवरचे. उरलेला रोल त्याने मागावर आणि मागाशेजारी बसलेल्या आजीवर संपवला.

रोल आम्ही घरीच धुतला, डी-७६ या डेव्हलपरमध्ये, २० अंशांवर. थंडीचे दिवस म्हणून बरं, मे महिन्यात आमच्या टाकीच्या पाण्यात बर्फ टाकूनसुद्धा पारा हटत नाही. निगेटिव्ह वाळल्यावर उजेडाच्या डब्यावर ठेवली आणि भिंग डोळ्याला लावलं. पाचव्या पट्टीची अक्षरं वाचता येत होती. चौथी आणि सहावी सारख्याच मऊ. पहिल्या फोटोत, दुसऱ्यात, तिसऱ्यातही.

"आता नंदीध्वजाला नेऊ का?" पोराने विचारलं. गड्ड्यातली काठ्यांची मिरवणूक ती.

"ने. पण तिथे एफ/८ ला ठेव. त्या गर्दीत धक्के खात तुला ठिपका दिसायचा नाही."